मागे यायचं नाही

६ मार्च, हनोई

आजचे पाहुणे म्हणजे एक डच जोडपं. नवरा माडासारखा उंच, पण रस्त्याच्या कडेला उभा राहिला की पाऊल पुढे पडेना. नाश्त्याआधीच दोघांना बाहेर काढलं आणि नियम सांगितला — पळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. एका चालीनं चालत राहा. स्कूटरवाले तुम्हाला बघतात, वळसा घालून जातात. तुम्ही बिचकलात की ते बिचकतात, आणि मग आपटता.

थोड्या खेपांनंतर गडी हसत पलीकडे गेला. बायको म्हणाली, "तुम्ही शाळेत शिकवायचात का?" नाही म्हटलं. कॉलेजात रशियन शिकले, ती आता कोणाला नको. इंग्रजी पाहुण्यांना रागावून रागावून आली.

वरची खोली भाड्यानं देते आहे तेव्हापासून माझा एकही पाहुणा दवाखान्यात गेलेला नाही. एकाचंही पाकीट मारलं गेलेलं नाही. हे नशीब नव्हे.

९ मार्च

क्वानचा दानांगहून फोन. माझा भाचा. आईचं इथलं घर विकून तिला तिकडे नेणार म्हणतो. "मावशी, बाबा गेल्यापासून ती गल्लीच्या टोकापलीकडे गेलेली नाही. एकटी कशी राहील?"

खरं आहे. थोआ माझी धाकटी बहीण. नवऱ्यानं तिला कधी भाजीसुद्धा एकटीनं आणू दिली नाही. पण म्हणून सुनेच्या स्वयंपाकघरात कोपरा धरून बसायचं? त्यापेक्षा माझ्या वरच्या खोलीत राहील. पाहुणे बंद करीन. मी असल्यावर तिला काय होणार?

क्वानला म्हटलं, "तिला बँकॉक फिरवून आणते. धडधाकट परत आणली, की ती हनोईतच राहणार, माझ्याजवळ."

"आणि काही झालं तर?"

"तर घेऊन जा."

१४ मार्च

थोआला सूचना दिल्या. पिशवी पोटाशी धरायची. पासपोर्ट हॉटेलातल्या तिजोरीत, त्याची प्रत अंगावर. अनोळखी माणसानं दिलेलं काही प्यायचं नाही. माझा हात सोडायचा नाही.

"ताई, आपण फिरायला चाललोय की लढाईवर?"

तिला म्हटलं, जे हसतात तेच नंतर दूतावासात रडत बसतात.

१८ मार्च, बँकॉक

आज फार बरं वाटतंय. देवळाच्या वाटेवर एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस गोड हसत आडवा आला. देऊळ आज बंद आहे, माझ्या रिक्षात बसा, दुसरं मोठं देऊळ दाखवतो, वाटेत रत्नांचं दुकान, आजच सवलत. थोआ बसायला निघालीच होती. मी म्हटलं, "बाबा रे, हेच काम आमच्या गावातले लोक तुझ्यापेक्षा सफाईनं करतात."

आधी गोरामोरा झाला, मग खो खो हसला. "कुठलं गाव, आजी?"

हनोई म्हटलं. त्यानं हात जोडले आणि गेला. देऊळ सताड उघडं होतं.

१९ मार्च

लिहायचंच. डाव्या हातानं कप धरवत नाही, पण उजवा ठीक आहे.

मोठा रस्ता होता. मी थोआचा हात धरला, दुसरा हात खाली, तळवा गाड्यांकडे, आणि एका चालीनं निघाले. आयुष्यभर चालले तशी. इथे गाड्या उलट्या बाजूनं येतात, मी डावीकडे बघत होते. आणि त्या स्कूटरी नव्हत्या. मोटारींना वळसा घालायला जागाच नव्हती.

थोआनं मला मागे खेचलं. दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. दोघी फुटपाथवर आदळलो. मी तिच्या अंगावर, माझं डावं मनगट माझ्याचखाली. मालाची गाडी भोंगा वाजवत अगदी समोरून गेली.

भाजलेली केळी विकणारी एक बाई धावत आली. आम्हाला तिच्या स्टुलांवर बसवलं, माझ्या मनगटावर बर्फ ठेवला. तिच्या भाषेत बरंच काही बोलली. रागावलीच असणार, मीही असंच रागावते. मग बोट वर केलं. आमच्या डोक्यावर पादचारी पूल होता.

मी थोआला म्हटलं, "माझी पद्धत चुकीची नाही. रस्ता दुसरा होता."

"असेल," ती म्हणाली. "उद्यापासून रस्ता मी बघते, ताई."

२० मार्च

मनगट मोडलेलं नाही, मुरगळलंय. पट्टी बांधली.

थोआ पुढे, मी मागे. तिला इंग्रजी येत नाही, थाई येत नाही, नकाशा कळत नाही. तरी नदीवरच्या बोटीनं नेलं आणि आणलं. कसं, विचारलं तर म्हणाली, "इथल्या म्हाताऱ्या जिथे थांबतात तिथे थांबायचं. त्या निघाल्या की निघायचं." मला हे कधी सुचलं नाही. मी सांगत असते, बघत नाही.

बोटीत वारा होता. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला. नवरा असताना हे चाललं नसतं.

२२ मार्च

केळीवालीचा निरोप घ्यायला थोआ एकटी गेली. जेवणाच्या वेळेपर्यंत आली. मी जागेवरून हलले नाही, हे माझ्याकडून कठीण काम झालं.

२४ मार्च, हनोई

क्वान दानांगहून आला. पट्टी बघून म्हणाला, "मावशी, काय ठरलं होतं?"

थोआ म्हणाली, "बसमध्ये लागलं तिला." मला वाचवायला निघाली होती. मी खरं तेच सांगितलं — रस्त्यात मी चुकले, तुझ्या आईनं ओढलं म्हणून मी इथे बसले आहे. तिला ओरखडासुद्धा नाही.

तो आईकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "घर विकत नाही. मावशी, तू जिंकलीस."

जिंकले तर. वरची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दिलं, नवी चादर घातली. डच जोडप्याचे मित्र पुढच्या महिन्यात उतरणार होते, त्यांना कळवलं, खोली आता मिळणार नाही.

२६ मार्च

थोआ आली. खोली बघितली, चादरीवरून हात फिरवला. "छान केलीस, ताई. पण मी येत नाही. क्वानकडेही नाही. माझ्या घरी राहते."

जिना उतरून गेली. तिला पोचवायला म्हणून मी चपला घालायला उठले होते. पुन्हा बसले.