नुसतं म्हणायचं म्हणून

आदरणीय सुबांदीदादांना धाकट्या कासमुदीचा सलाम. तुमचा गुडघा आता वाकू लागला असेल अशी आशा आहे. तुम्ही स्वतः कुणापुढे वाकला नसाल याची खात्री आहे. वहिनींनाही सलाम.

इकडे नवा महामार्ग झाल्यापासून आपल्या कारांगजाती गावातून ट्रक जायचे बंद झाले आणि आमच्या हिच्या, पार्तिनीच्या, खानावळीची बाकं ओस पडली. तिने जाहीर केलं, "महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर चूल बंद." तेव्हा निंग्रुम (सेमारांगला नोकरी लागल्यापासून आमची मुलगी आम्हालाच शिकवते) म्हणाली, "बाबा, लोक मोबाइलवर दोन-दोन ओळी लिहून धंदा वाढवतात. तुम्ही लिहा की! पण थोडक्यात हं!" दादा, साखर कारखान्याच्या फाटकावर भर उन्हात ज्याने भाषणाने संप उभा केला, त्याला ही पोर थोडक्यात बोलायला सांगते! विचार दोन ओळींत मावतो असं आजवर फक्त राजांना आणि जाहिरातवाल्यांना वाटत आलं आहे.

तरी लिहिलं. विषय टेम्पे. गोऱ्या मळेवाल्यांच्या राज्यात या आंबवलेल्या सोयाबीनने गरिबाला कसं जगवलं इथून निघालो आणि तुकड्या-तुकड्यांनी जगाच्या भुकेपर्यंत पोचलो. एवढ्या प्रबोधनावर एकच उत्तर आलं: "काका, सोबत चटणी मिळते का?"

मी पेटलो. दुसऱ्या दिवशी त्याच रागात घराच्या ओसरीवर जेवायला बसलो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला आपण म्हणतो तेवढंच लिहून टाकलं: "जेवायला बसलोय. या." वर ताटाचा फोटो, खाली गावाचं नाव. (आपल्याकडे असं न म्हणणं उद्धटपणाचं आणि ऐकून खरंच येणं त्याहून उद्धटपणाचं. समोरचा "चालू द्या" म्हणतो आणि चालू लागतो. कुणी येत नाही, म्हणून तर आपण सगळ्यांना बोलावतो.)

दादा, आले! जकार्ताची माणसं! त्यांना कुणी काही शिकवलेलंच नाही. रविवारी गाड्यांची रांग लागली आणि "काका, तुम्ही बोलावलंत ना?" म्हणत सगळी घरात. खानावळीत नव्हे, घरात, माझ्या चटईवर! पार्तिनी झारा घेऊन बाहेर आली.

"अहो, कुणी बोलावलं यांना?"

"मी. पण म्हणजे तसं नाही."

"मग कसं?"

"नुसतं म्हणायचं म्हणून."

"मग आता नुसतं वाढा!"

दारात आलेल्याला परत पाठवणं माझ्या एकाही तत्त्वात बसेना. वाढलं. शेजारणी भात घेऊन धावल्या, कुणी केळीची पानं आणली. पाहुण्यांनी ताटांचे फोटो काढले, खाली एकेक ओळ लिहिली, आणि पुढच्या रविवारी दुप्पट माणसं थेट खानावळीत! महिनाअखेर होऊन गेली, दादा. चूल बंदची भाषा नाही. पार्तिनी दुसरी चूल घालते आहे. बोलावलं की माणूस येतो, हे मी फाटकावर आयुष्यभर ओरडत होतो. आता मलाही पटलं.

तुमचा,
कासमुदी

ता. क. तुमचा गुडघा परवानगी देत असेल, वहिनींना हवापालट हवा असेल आणि इतर काही अडचण नसेल, तर (आग्रह मुळीच नाही, केवळ एक विचार मांडतो) सवडीने कधीतरी इकडे येण्याचा

ता. क. मी पार्तिनी. यांच्या हातून पेन काढून घेतलंय. वरचं वाचलं नाहीत तरी चालेल. भाऊजी, जाऊबाईंना घेऊन शुक्रवारी या. मोठं पातेलं आणा. दोघांचा भात धरलाय.