वरच्या ओळीतली कालवं

प्रिय शिवकन्या,

'आप्पा, काम सोडून घरी येते,' असं तू फोनवर म्हणालीस आणि तुझ्या आईनं लगेच तुझी गादी उन्हात टाकली. मला मात्र त्या दिवसापासून भाकर गोड लागेना. फोनवर जीभ रेटत न्हाई, म्हणून लिहितोय.

इकडं आष्टीकडं आभाळ कोरडंच हाय. आपल्या दूध सोसायटीत सकाळी चार किटल्या जमतात, बाकी जनावरं चारा छावणीत. सेक्रेटरी म्हणून मी कुलूप उघडतो अन् लावतो. किटल्या उचलणारा सटवा म्हणतो, आप्पा, तुमी आता चहाचं हॉटेल टाका.

माघात मी तुझ्याकडं कोकणात आलतो, तवा किती हौसेनं खाडी दाखवलीस. दगडाला चिकटणारी शिंपल्यातली कालवं तिथं संपत आलेली, अन् ती पुन्हा कशी रुजवायची हे तू तपासत होतीस. जुन्या शिंपल्यांनी भरलेल्या जाळ्या खुंट्यांना बांधलेल्या, वर, मधे अन् खाली अशा तीन ओळीत. कोणत्या ओळीत पिल्लं जगतात, हे दीड वर्ष मोजत होतीस. मला कळलं थोडंच, पण लेकीचं कौतुक लई वाटलं.

दुपारी तू मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला गेलीस अन् ओहोटी लागली. वरची ओळ भर उन्हात उघडी पडली. जवळ जाऊन बघितलं तर इवलाले जीव तोंड मिटून बसलेले. पोरी, आमी दुष्काळातली माणसं. गेल्या साली छावणीत आपली तांबडी गाय टँकरची वाट बघत गेली, तवा मी तिच्यापाशी बसलेलो. मला बघवेना. वरच्या सगळ्या जाळ्या सोडून मी खोल पाण्यात नेऊन ठेवल्या. पुण्य केलं असं वाटलं. तुझ्या सायबांपुढं अडाणी दिसू नये म्हणून बोललो मात्र न्हाई.

पुढं त्या जाळ्या गाळात रुतलेल्या सापडल्या, सगळी पिल्लं मेलेली. ओहोटीत तोंड मिटूनच ती जगतात, हे मला कुठं ठाऊक? सायेब म्हणाले, तुझ्या गाठी कच्च्या होत्या. तू फोनवर रडलीस, तवाच सांगायचं होतं. पण तू घरी यायचं बोललीस अन् मला लोभ सुटला. लेक जवळ येतीय, मग कशापायी तोंड उघडू? दोन महिने गप बसलो. लाज वाटती.

तुझ्या गाठी कच्च्या न्हवत्या. एकेक सोडायला मला दात लावावे लागले. हे पत्र सायबांना वाचून दाखव, मी येडा ठरलो तरी चालंल. राजीनामा माघारी घे अन् वरची ओळ पुन्हा बांध. तुझ्या आईला मी सांगतो. घरी ये, पण सुट्टीला ये.

तुझाच,
आप्पा