तारलीचे काटे

बाबा, मी आईला सिसिलीला घेऊन गेले होते. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न आला असता, तिथे ही खाणार काय? तेच बघायला गेलो होतो. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं लहानसं गाव, घरं पार पाण्यापर्यंत आलेली. सकाळी गोड पावाबरोबर बदामाचा बर्फ खातात, नाश्ता म्हणून. आईने तो दुसऱ्यांदा मागून घेतला. एक गाडीवाला बेसन शिजवून, थापून, तळून पावात घालून द्यायचा. "अगं, ही तर पाटवडी," असं म्हणून ती त्याच्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखी बघत राहिली. वांग्याची आंबटगोड भाजी, संत्र्याची कोशिंबीर, रोज नवीन हॉटेल. पण खरं सांगायचं तर मी तिला मासे खायला नेलं होतं. तुम्हाला झोंबावं म्हणूनच हे लिहितेय.

अमेरिकेत, शॉमबर्गला, मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणात तुमचं ठरलेलं असायचं. "ही वेंगुर्ल्याची, माशांवर वाढलेली. पण लग्न झालं आणि एका शब्दावर सोडले, बघा." काकालोक माना डोलवायचे. आई हातातली पेपर प्लेट उगाच सरळ करत राहायची. तो शब्द कोणाचा होता, हे कधी कोणी विचारलं नाही.

मी आठवीत असेन. शेजारच्या कारवारच्या काकूंनी आईसाठी डबाभर माशाचं कालवण दिलं होतं. तुम्ही ऑफिसातून येता, दारातच थांबता आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडता. जानेवारी महिना, बाहेर बर्फ. आम्ही दोघी कोट घालून वरणभात जेवतो. "वास गेला की बंद करू," तुम्ही म्हणता. शेवटी आई उठते, न चाखलेलं कालवण कचऱ्यात ओतते, डबा पुन्हापुन्हा घासते आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात साखर भरते. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, याचं लोकांना केवढं कौतुक होतं. मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

शेवटच्या दिवशी आम्ही बंदराजवळच्या एका खानावळीत गेलो. मालकीणबाई ताजे मासे परातीत घालून दाखवायला आली. आईने चष्मा वर केला. "तारली आहे गं ही!" तिने कल्ले उचलून बघितले आणि "ताजी आहे हो," असं त्या बाईला चक्क मराठीत सांगितलं. बाईनेही समजल्यासारखी मान हलवली. निखाऱ्यावर भाजून, मीठ-लिंबू लावून ताट आलं. आईने पहिला घास घेतला, चावला आणि थांबली. मग नॅपकिन तोंडाशी नेला.

"नाही जात गं आता. वास येतो."

वास. तुमचा शब्द, तिच्या तोंडून.

"लिंबू पिळून बघ ना जरा," मी म्हटलं.

"नको. मला वाटलं होतं, खाईन." ती ओशाळून हसली. मग ताट पुढे ओढून तिने मधला काटा शेपटीकडून असा अखंड उचलला की मी बघतच राहिले. हे तिला येतं, हे मला आयुष्यभर माहीत नव्हतं. "तू खा. मी काटे काढून देते," म्हणाली, आणि एकेक तुकडा माझ्या ताटात ठेवत गेली.

तुम्ही गेलात तेव्हा वाटलं होतं, आता तिचं तिला परत मिळेल. कसलं काय. परत देण्यासारखं तुम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतंत. आणि तुम्हाला तर ते घेतल्याचंही कधी कळलं नाही. तुम्ही आपले कौतुक करत होतात तिचं.

हे पाठवायचं कुठे? राहील असंच. आई आत वरणाला फोडणी देतेय, हिंगाचीच. लसूण घाल म्हटलं की अजून म्हणते, "ह्यांना चालत नाही."

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. तारली मलाही आवडली नाही. वासाने घशाशी येत होतं. जीभ तुमचीच आहे ना माझी. पण ती काटे काढून देत होती, म्हणून सगळी खाल्ली आणि मस्त आहे म्हटलं.