लिंबाएवढी अक्षरं

४ फेब्रुवारी
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत आजच्या सकाळचीही नोंद व्हावी. लेखाचं शेवटचं वाक्य सुचलं आणि लॅपटॉप म्हणाला — अपडेट चालू आहे, बंद करू नका. चहा झाला, अंघोळ झाली, वाक्य गेलं!
बायको म्हणाली, "गेलं ते बरंच झालं असेल. आईला विचार."
आई म्हणजे माझ्या सासूबाई. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. माझी सगळी पुस्तकं त्यांच्याच लाल पेनाखालून गेली. आता डोळ्यांनी दगा दिलाय. छापील अक्षर दिसत नाही. पेन बंद.

५ फेब्रुवारी
सासूबाई थोरल्या मुलीकडे कायमची जाते म्हणतात. बॅगही काढली. "इथे नुसती बसून खाऊ का, जावईबापू?"
मला एकही टोमणा सुचला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

८ फेब्रुवारी
माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपवर एक अगदी सडपातळ ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, हुकूम टाइप करायचे. जाहिराती नाहीत, लुडबुड नाही. सासूबाईंच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, काळ्यावर पांढरं, तेही मोठं, दिसेल कदाचित. सगळी डिस्क पुसू का, तिने विचारलं. पूस बाबा!
लेख उघडला. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं! काळ्या पडद्याला मराठी येते का, हे मी शहाण्याने पाहिलंच नव्हतं. सासूबाई चष्मा पुसून शेजारी बसलेल्या. "राहू द्या हो," म्हणाल्या. ते 'हो' फार लागलं.

९ फेब्रुवारी
बॅग भरून दारात. बायको बोलत नाही.

१० फेब्रुवारी
शेवटी माहितीपुस्तिका वाचली. मराठी दिसायला पडद्यावर खिडक्या उघडायची सोय आणि फॉन्ट वेगळे टाकावे लागतात. दोन हुकूम दिले, दोन्ही आले. मग सगळं अपडेट केलं — मी! आपणहून! अक्षरं लिंबाएवढी केली. ओळीत चारच शब्द मावतात.
सासूबाई पडद्याला नाक लावून बसल्या. एकेका शब्दावरून बोट फिरवलं. मग —
"हे 'अत्यंत' कशाला? काढा. आणि पुढची ओळ आणा लवकर, माझा वेळ मोडू नका."
बायकोने बॅग उचलून आत नेली. बाहेर आली ती डोळे पुसूनच.

२६ मार्च
नव्या पुस्तकाची फाईल आज त्यांच्याकडे तपासायला दिली. देण्याआधी पहिल्या पानावर एक ओळ घातली. आधीच्या एकाही पुस्तकात ती नाही. 'मुद्रितशोधन', आणि पुढे सासूबाईंचं पूर्ण नाव.
तपासताना वाचतीलच.