आईचं वाक्य

ऑक्सफर्ड,
४ डिसेंबर १९१३

प्रिय ईनॉक,

तुझं पत्र आणि साप्ताहिकाचा अंक मिळाला. संपादक झाल्यापासून तुझं अक्षर पार बिघडलंय, पण बाकी खुशाल दिसतोस. मीही मजेत आहे. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या 'एस'चं राज्य आहे आणि माझ्या टेबलावर आलाय 'स्टार्व्ह'. इथल्या मंडळींना वाटतं, त्यात काय शोधायचं, उपाशी मरणं! हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ नुसता मरणं असा होता, मग कशानंही मरा. पुढे दक्षिणेकडच्यांनी तो भुकेला देऊन टाकला आणि आपल्या लँकेशायरात तो थंडीकडे राहिला, म्हणजे गारठणं. शाळेतून आलो की "स्टार्व्ह झाली गं माझी पोरं" म्हणत आई आपल्या दोघांचे हात चोळायची, आठवतं?

आमचे साहेब, मिस्टर पेनफोल्ड, या थंडीच्या अर्थापुढे फुली मारणार आहेत. फुली म्हणजे हा अर्थ मेला. मी सांगितलं, माझी आई रोज असंच बोलते. ते म्हणाले, "मिस ऑल्डरसन, आईला चिठ्ठीवर चिकटवता येत नाही." नियम त्यांचा बरोबर आहे. प्रत्येक अर्थाला पुरावा म्हणून चिठ्ठीवर छापलेलं वाक्य हवं, तारखेसकट, आणि ताजं. एखादं खोटं वाक्य रचून चिठ्ठी भरणं मला अवघड नव्हतं. पण तसलं काम मी करणार नाही. वीस तारखेला पान छापायला जाईल, आणि तोवर मी त्यांना फुली मारू देत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या हिवाळ्यात चॅपलच्या सभेत आई म्हाताऱ्यांच्या कोळशासाठी उभी राहिली आणि म्हणाली, "पोटभर जेवूनसुद्धा माणूस स्टार्व्ह होतो, कोळसा द्या." तू छापलंस, 'शीतकाळी वृद्धांची प्रकृती खालावते, असे एका महिलेने सांगितले.' शेजारच्या मिसेस क्लेगनी तिला अंक वाचून दाखवला, तर ती विचारते, "ही बाई कोण गं? चांगली शिकलेली दिसते." त्यांनीच मला कळवलं, आणि मला फार लागलं ते. तुला तिच्या बोलण्याची लाज वाटते, मला ठाऊक आहे, मलाही वाटायची. येत्या गुरुवारी ती पुन्हा बोलणार आहे. तिचं वाक्य एक अक्षर न बदलता छाप, खाली तिचं नाव घाल, आणि अंक लगेच मला पाठव. पण त्याआधी तो स्वतः तिच्यापुढे बसून वाच. बोलणारी आपणच आहोत, हे तिला या वेळी ओळखू दे.

तुझीच ताई,
हेस्टर