यशूची दिल्लीची परीक्षा

२ मार्च

दिग्रस–यवतमाळ एसटीच्या दोन फेऱ्या. दारव्ह्याला बाजाराची गर्दी, गाडी उशिरा. घरी आलो तर यशू ओट्यावर बसून माझी वाट पाहत होती. हे लक्षण वेगळं. बारावीत गेल्यापासून ही मुलगी फक्त मोबाईल चार्ज व्हायची वाट पाहते.

म्हणाली, "बाबा, मले दिल्लीले इतिहास शिकाचा आहे. त्याच्यासाठी एक परीक्षा असते. सीयूईटी."

मी म्हटलं, शिक. मग आत जाऊन हातपाय धुतले, आणि तोंडाला पाणी लावल्यावर दिल्ली हा शब्द नीट डोक्यात शिरला. सुनंदाकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती. बायकोला आधीच माहीत होतं, हे तिच्या पाठीवरून कळलं.

४ मार्च

राठोडला सांगितलं. इतकी वर्षं तो माझ्या गाडीवर कंडक्टर, त्याला न सांगता पोटात काही राहत नाही.

"डॉक्टर व्हाची आहे का मंग?"
नाही.
"इंजिनेर?"
नाही रे.
"मंग परीक्षा कायले?"

आपल्याकडं परीक्षा म्हणजे दोनच, त्यांच्या क्लासच्या पाट्या पुसदपर्यंत भिंतींवर रंगवलेल्या आहेत. इतिहासासाठी परीक्षा देतात हे मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी यशूला म्हटलं, मला पहिलीच्या पोरासारखं समजावून सांग. तिनं सांगितलं. देशभरातली मुलं एकच परीक्षा देतात, कॉम्प्युटरवर. त्या गुणांवर केंद्राची विद्यापीठं बी.ए., बी.एस्सी.ला घेतात. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते.

म्हणजे बारावी पास झालं की भागतं? "भागते." मग वर्षभर पहाटे चहा करून हिला कशाला उठवलं, ते विचारणार होतो. बारावीचे दोन पेपर अजून बाकी आहेत म्हणून गप्प बसलो.

९ मार्च

रविवार, सुट्टी. फॉर्म भरला, स्टँडमागच्या नेट कॅफेत. विषय: इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि एक सामान्य चाचणी. पेपर मराठीत मिळतो, म्हणून माध्यम मराठी. हे ऐकून फार बरं वाटलं. दिल्लीवाल्यांना आपली भाषा माहीत आहे.

फोटोसाठी सु.नं तिला निळा ड्रेस घालायला लावला. फोटोत फक्त चेहरा आणि गळ्याचा काठ आला. सु. म्हणते, पोरीच्या अंगावर होता ना, बस.

कॅफेवाला पोरगा म्हणाला, "काही टेन्शन नाही काका, बारावीचाच अभ्यास असते." सुटलो.

२१ मार्च

बोर्डाचे पेपर संपले. एक दिवस झोपली, दुसऱ्या दिवसापासून परत तीच पुस्तकं. मी ड्युटीवरून आलो की प्रश्न विचारतो. पुस्तक माझ्या हातात, उत्तरं तिच्या तोंडात. एकही चुकत नाही. तारखा तर अशा सांगते की मी पुस्तकात बोट ठेवेपर्यंत ती पुढं गेलेली असते. डेपोत आज जरा जास्तच बढाया मारल्या.

२७ मार्च

वाईट दिवस. मोबाईलवर सरावाचा पेपर सोडवला तिनं. इतिहासाचे निम्म्याहून जास्त प्रश्न तिच्या पुस्तकातच नाहीत.

बारावी दोन असतात, हे आज कळलं. आपली राज्याची आणि ती केंद्राची. परीक्षा बारावीचीच, पण त्यांच्या बारावीची. आपलं इतिहासाचं पुस्तक युरोपातून सुरू होतं, त्यांचं हडप्पापासून. कॅफेवाल्या पोरानं खोटं सांगितलं नव्हतं. शाळेत विचारलं तर तिथंही हेच सांगितलं असतं, कारण इथून ही परीक्षा दिलेलं कुणी आमच्या माहितीत नाही.

रडली नाही. पुस्तक मिटून त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं. म्हणाली, "मी सगळं पाठ केलं बाबा. दुसऱ्याच परीक्षेचं."

जेवली नाही नीट. मीही.

२८ मार्च

यवतमाळला गाडी लावली आणि धावत पुस्तकांच्या दुकानात. इतिहासाचे तीन भाग. मराठीत नाहीत. इंग्रजी नाहीतर हिंदी. हिंदी घेतले. राज्यशास्त्र, समाजशास्त्र पण.

परत आलो तर सुटायची वेळ टळून गेलेली. राठोडनं प्रवाशांना सांगून ठेवलं होतं, "डायवर साहेब पोरीचे पुस्तकं घ्याले गेले, आलेच." कुणी कुरकुर केली नाही. दारव्ह्याच्या एका बाईंनी पुस्तकं मांडीवर ठेवून घेतली, उतरेपर्यंत चाळली, आणि उतरताना म्हणाल्या, "जाडे आहेत बापा. पोरीले दूध देत जा."

३ एप्रिल

पद्धत बसली. मी हिंदी मोठ्यानं वाचतो, ती मराठीत लिहून काढते. पेपर मराठीत असणार, पुस्तक हिंदीत, म्हणजे मधला पूल आम्हालाच बांधायचाय. माझी हिंदी आदिलाबाद रोडवरच्या ढाब्यांची. तिथं 'अभिलेख' वगैरे कुणी बोलत नाही. अभिलेख म्हणजे कोरीव लेख, हे तिला माहीत होतं. भू-राजस्व म्हणजे शेतसारा, हे मी सांगितलं. बक्षीस म्हणून चहा मिळाला.

हडप्पावाले मणी कसे करायचे त्याची चार पानं वाचली. एवढी वर्षं बाप म्हणून वावरतोय, पण मुलीसोबत सलग दोन तास बसलो असं या आठवड्याआधी कधी झालं नव्हतं. खोटं कशाला लिहू, परीक्षा लांबली तरी चालेल असं वाटतं.

८ एप्रिल

वाचता वाचता झोपलो. जागा झालो तर ती स्वतःच वाचत होती, माझ्या आवाजात, माझी ढाब्याची हिंदी. सु. हसून हसून लाल. मी डोळे मिटूनच राहिलो.

१३ एप्रिल

उद्या जयंती. दरवर्षीसारखा आज विहारात अठरा तास अभ्यास. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे म्हणून आपणही एक दिवस. सतरंज्या टाकल्या, सकाळी सहाला वंदना झाली आणि सगळ्यांनी पुस्तकं उघडली. पहिलीतली पोरं चित्रं रंगवतात, बाया वाचन करतात, पोलीस भरतीवाली पोरं एका कोपऱ्यात. एरवी मी तासाभरात तंबाखूच्या निमित्तानं बाहेर. यंदा रजा टाकून बसलो, यशूसमोर, हिंदी पुस्तक घेऊन.

आज सांचीचा धडा. स्तूप म्हणजे काय, तोरणं, कोणत्या राजानं काय बांधलं. हळूहळू बाया सरकत जवळ आल्या. कौसल्यामावशी महिला मंडळाच्या सहलीत सांचीला जाऊन आल्यात. मी वाचतोय आणि त्या मधे मधे.

"थे दरवाजे काय सांगून राह्यला, मी हात लावून पाह्यले."
मावशी, त्याच्यावर कोणती शिल्पं होती?
"हत्ती होते. आन् ऊन असं की पाय भाजले. चप्पल काढाले लावली ना."

यशूनं वहीत मान खाली घालून लिहिलं. नंतर पाहिलं तर खरंच लिहिलं होतं: हत्ती. कंसात, कौसल्याआजीचे पाय.

दुपारी भात-वरण तिथंच. मग संविधान सभेचा धडा काढला. वाचायला लागलो आणि आजूबाजूची कुजबुज आपोआप थांबली. ओळखीचीच गोष्ट, पण केंद्राच्या पुस्तकातून, आपल्या विहारात, मी वाचतोय. एकच ओळ दोनदा वाचली. यशूनं पुस्तक हातातून घेऊन पुढं वाचलं.

२९ एप्रिल

भांडण. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. हिला सोडवत नाही. पहिलीपासून सगळ्या मास्तरांनी एकच शिकवलंय, कोरं ठेवायचं नाही, काहीतरी लिही, दोन मार्क तरी देतील. त्यामुळं न येणारं सुद्धा ठोकून देते आणि आलेलं गमावून बसते.

"कोरं ठेवाले जीव होत नाही बाबा."

म्हटलं, वळणावर पुढचं दिसत नसलं तर मी ओव्हरटेक करतो का? मागं चाळीस माणसं असतात. थांबतो, मग सरळ रस्ता आला की काढतो. हे पटलं बहुतेक. संध्याकाळच्या सरावात काही सोडले. चेहरा मात्र असा की सख्ख्या बहिणीला सोडून आली.

१८ मे

आज तिचा पेपर, यवतमाळला. ड्युटी बदलून सकाळची पहिली गाडी घेतली. सु. म्हणत होती, सुट्टी काढा आणि तिच्या बाजूला बसा. यशू म्हणाली, "नाही, बाबा चालवतीन. मी मांग बसतो." आपल्याकडच्या पोरी बसतो, जातो असंच म्हणतात. दिल्लीत हसतील का कोणी? हसू देत.

माझ्या मागच्या सीटवर बसली. आरशात दिसत होती. ओठ हलत होते. दारव्ह्यानंतर मी आरशात बघणं बंद केलं, गाडीत इतर लोकही होते. राठोडनं तिकीट काढायचं नाटक केलं, मग तिला चॉकलेट दिलं. ती अठरा वर्षांची आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. माझ्याही.

केंद्रावर रिक्षानं गेली. मला तिथं उभं राहायचं होतं, पण परतीची फेरी होती, गाडी घेऊन निघालो. बाकीचे बाप गेटबाहेर झाडाखाली बसले असतील. दिवसभर एकच विचार, हिला सोडून देता येतंय का तिथं, न येणारं.

संध्याकाळच्या फेरीला स्टँडवर भेटली. उसाचा रस पीत होती.

कसा गेला?

"सोडले बाबा. बरेच सोडले. जे आले थे पक्के आले."

दिग्रस डेपोपर्यंत ती झोपली. मी गाडी खड्ड्यांतून अशी काढली की राठोड म्हणाला, आज दही घेऊन चालले का.

२० मे

सांचीवर एकही प्रश्न नव्हता, हे कौसल्यामावशींना कळलं. रागावल्यात. "मंग विचारलं काय त्याइनं?" यशूनं सांगितलं, विजयनगर. मावशी म्हणाल्या, तिकडं सहल गेली नाही आपली.

५ जुलै

निकाल. राठोडनं डेपोत पेढे वाटले, मला न विचारता. मोबाईलवर इतिहासापुढं नव्वदच्या वरचा आकडा दिसला आणि त्याच्यासाठी विषय संपला. यशू घरी समजावते आहे की हे टक्के नाहीत, आपल्या मागं किती जण आहेत त्याचा हिशेब आहे, आणि दिल्लीत याच्याहून वरचे ढिगानं असतात. सु. म्हणाली, "मांग आहेत ना पण लोक? मंग झालं."

मला समजलं एवढंच की दार उघडलं नाही, पण कडी निघाली. मला वाटत होतं आता आपोआप कुठंतरी नंबर लागेल, आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचा लागतो तसा. तसं नसतं. प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर वेगळा अर्ज करायचा.

यशूनं हैदराबादचा भरला. तिथंही इतिहास आहे, पाच वर्षांचा. दिल्लीचा भरते म्हणाली, सावकाश.

१० जुलै

दिल्लीचा भरला का? "भरतो ना." काल पण हेच, परवा पण.

सु.नं ताट वाढताना सांगितलं. हळू आवाजात, यशू बाहेर होती. "नाही भरत थे. मले म्हणे, हैदराबादले पुसदवरून गाडी आहे, बाबा येऊ शकतीन. दिल्लीले कसे येतीन? रस्ता माहीत नाही त्याइले."

उद्या शेवटची तारीख.

आधी आनंद झाला, हे कबूल करतो. मुलीनं बापाचा एवढा विचार केला, कोणाला बरं वाटणार नाही? हैदराबाद वाईट नाही, चांगलं आहे, लोक तिथं शिकून मोठे झालेत. निर्मल रोड मला तोंडपाठ आहे. महिन्यातून एकदा गेलो असतो, डबा घेऊन. असं बराच वेळ मनात चाललं. मग राग आला, स्वतःचा. दीड महिना हिंदी वाचली ती कशासाठी?

११ जुलै

दुपारी चारला ड्युटी संपली, सरळ घरी. तिला ओट्यावर बसवलं.

दिल्लीचा काहून नाही भरला?

"तिथं लागत नाही नंबर बाबा, लै वर असते."

न येणारं सोड म्हटलं होतं मी. हे तर येतं तुले.

मग म्हणाली, "तुम्ही कसे यासान तिथं?"

"मी ड्रायव्हर आहे यशू. कुठं कसं जायचं हे तू मले सांगू नको." कडक आवाजात म्हटलं. ती हसली, मग डोळे पुसले, मग आत गेली.

घरात कॉम्प्युटर नाही, मोबाईलवरच भरणं चालू आहे. सु. तिला आधार कार्डाचा नंबर वाचून दाखवतेय. मी ओट्यावर हे लिहीत बसलोय. भरला की नंबर लागेलच असं नाही, माहीत आहे. पण लागला तर ती जाणार, हैदराबाद सोडून जाणार, तिला मी ओळखतो. आणि मी सांगितलं म्हणून जाणार.

फॉर्मवर फोन नंबर माझा दिलाय. ओटीपी माझ्याकडं येईल म्हणाली, तो टाकल्याशिवाय फॉर्म जात नाही.

आला. सहा आकडे. दहा मिनिटं चालतो असं लिहिलंय खाली.

आतून विचारतेय, "बाबा, आला का?"