तांबटाला मिशा असतात

प्रिय अहो,

मंगळवार, चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तक्रार लिहायची तर आधी तारीख आणि वेळ टाकावी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. म्हणून टाकली. त्या क्षणी मला कळलं, की तुम्ही मला तीस वर्षं नुसतं धुकं दाखवलंत!

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. या पावसाळ्यात तुमच्या जुन्या दुर्बिणीला आतून बुरशी लागली. पाषाणच्या तळ्यावर पक्षी बघताना पाऊस आला की तुम्ही तिला स्वतःच्या रेनकोटात गुंडाळायचात आणि घरी येऊन शिंकत बसायचात. दर वेळी म्हणायचात, "आता वॉटरप्रूफ घ्यायचीच." घेतलीत? नाही. शेवटी मीच नारायण पेठेतल्या दुकानात गेले.

"पोरो दुर्बीण हवीय. जुन्या घडणीची, रुंद खांद्यांची. आणि वॉटरप्रूफ."

"आजी, आता सगळे सरळ नळ्यांची घेतात. हलकी असते, दिसायलाही बरी."

"मला ती गळ्यात घालून लग्नाला जायचं नाहीये."

तुमचंच म्हणणं ऐकवलं त्याला: पोरोतून पुढची फांदी पुढे दिसते आणि मागची मागे. मग त्याने आतून एक आणली.

"हिला फोकसचं मधलं चाक नाही. दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं लावायचं. जुन्या दुर्बिणीत उजव्या डोळ्याकडचं कडं फिरवायचात ना, तसंच."

"ते फिरतं?"

"मग काय शोभेला असतं?"

अहो, त्या कड्यावर तुम्ही चिकटपट्टी लावली होतीत! पहिल्याच फेरीला बजावलंत, "इथे हात लावायचा नाही, सेट केलंय." नाही लावला. पण ते तुमच्या डोळ्याला सेट केलंय, माझ्या नाही, एवढं सांगायला काय झालं होतं?

दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी आधी डावा डोळा लावला, मग उजवा. समोरच्या पिंपळावर तांबट बसला होता. कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं, आणि चोचीजवळ मिशा! तांबटाला मिशा असतात हो! सांगायला मागे वळले, तर दुकानदार.

आता माझं ऐका. तुम्ही विचारायचात, "दिसला?" तुमचा चेहरा इतका फुललेला असायचा, की मी म्हणायची, "दिसला हं, काय सुंदर आहे!" मला दिसायचा एक हिरवा डाग. निवृत्त होईपर्यंत चाळीस मुलींतून खोटं बोलणारी अचूक उभी करणारी बाई मी! आणि तुम्ही वहीत लिहायचात, "तांबट. दोघांनी पाहिला."

घरी येऊन ती वही काढली. शेवटच्या पानावर दुर्बिणींची यादी सापडली. त्यात हीच दुर्बीण होती, तिच्यावर काट मारलेली, आणि पुढे तुमचं अक्षर: "उत्तम. पण दोघांत एक चालणार नाही, दर वेळी डोळे लावत बसावं लागेल. सुनंदाला जुनीतून छान दिसतं."

छान दिसतं! म्हणजे तुम्ही भिजत राहिलात ते माझ्या खोटेपणापायी. आता मी रागवायचं कुणावर?

की तुम्हाला ठाऊक होतं? माझं "दिसला हं" तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून चालवून घेतलंत? मला ते कळलंच पाहिजे. त्या मंगळवारपासून रोज सकाळी चहा गाळताना तेवढंच डोक्यात येतं.

दुर्बीण शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलीय. ती घेणार आणि रविवारी तळ्यावर जाणार. जे खरोखर दिसेल तेच वहीत लिहीन. आणि वचन देते, आधीचं एकही "दोघांनी" खोडणार नाही.

मात्र उत्तर हवं. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत, आणि लेखी. तोंडी चालणार नाही. तोंडी तर तुम्ही रोजच बोलता माझ्याशी.

तुमचीच,
सुनंदा